भूतान काय परदेश हाय?

म्हसळ्याहून खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक मोहल्ला आहे. तिथे घरं ओळखायची पद्धत साधी आहे: कुवेतवाल्याचं, दुबईवाल्याचं, बहारीनवाल्याचं. माणूस परत येऊन म्हातारा झाला, दात पडले, तरी घर बहारीनवाल्याचंच राहतं. यूनुस अलवारेंचं घरही त्यांच्या उमेदीच्या काळात मस्कतवाल्याचं होतं. पुढे त्यांचा मुलगा अदनान कर्ता झाला आणि घराचं नाव बदललं. लोक म्हणायला लागले, बॉलवाल्याचं घर.

आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाने गोव्यात, कोलकात्यात, शिलाँगात भरल्या मैदानांवर गोल अडवले, ज्याच्या नावाचा तिथे पुकारा झाला, त्याला गावाने बॉलवाला म्हणावं? पण गावाचाही दोष नाही. मोहल्ल्याला खेळ माहीत तो क्रिकेटचा. फुटबॉल चार वर्षांतून एकदा टीव्हीवर येतो, तेव्हा अर्धा मोहल्ला ब्राझीलचा होतो आणि अर्धा अर्जेंटिनाचा, भांडणं होतात, आणि कप संपला की सगळे परत बॅट घेऊन शेतात. त्यात अदनान गोलकीपर. गोल मारणारा निदान नाचताना तरी दिसतो, हा आपला जाळ्यापुढे उभा. एका लग्नात कुणीतरी त्याला प्रेमाने विचारलं होतं, "अदनान, तुला अजून पुढं खेळायला देत न्हाईत का रं?"

तो हसायचा. स्वभावच हसरा. यूनुसभायांनी त्याला शिकायला मुंबईला गावच्या जमातीच्या खोलीवर ठेवला, तिथे शाळेच्या मैदानावर एका मास्तरांनी त्याचे हात बघितले, आणि शिक्षण राहिलं ते राहिलंच. पुढची सगळी उमर क्लबांत गेली. नाव झालं, घर बांधलं, तैयबाशी निकाह झाला, मुलगी झाली, तिचं नाव दुआ. एक गोष्ट मात्र राहून गेली. एकदा देशाच्या संघाच्या शिबिरात त्याला बोलावलं होतं. बाहेरचा दौरा होता, घाईघाईने पासपोर्ट काढला, आणि निघायच्या आदल्या दिवशी दोन कीपर पुरेत असं ठरलं. हा तिसरा होता. तो पासपोर्ट तैयबाने कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. त्यावर एकही शिक्का नव्हता. देशाबाहेर एक तरी खरा सामना खेळायचा, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती त्याने तैयबाखेरीज कुणाला सांगितली नव्हती.

चौतिशी उलटली आणि क्लबने करार वाढवला नाही. कीपर जरा जास्त टिकतात, पण त्यांनाही शेवट आहेच. अदनान घरी येऊन बसला आणि एका दुपारी त्याच्या शिलाँगच्या जुन्या कोचचा फोन आला. कोच आता भूतानला होता, थिंफूच्या एका क्लबात.

"माझ्याकडे सगळी पोरं आहेत," कोच म्हणाला. "पळतात छान, पण मागून ओरडून सांगणारा कुणी नाही. तू दोन मोसम दे मला. आशियातल्या क्लबांची पात्रता फेरी खेळणार आहोत आम्ही. आणि कागदपत्रांची काळजी करू नकोस. मतदानाच्या कार्डावरसुद्धा येता येतं इथे."

बिचाऱ्याने सोय म्हणून सांगितलं. त्याला काय माहीत, हेच वाक्य सगळ्याचा विचका करणार आहे.

अदनानला काय आनंद झाला! त्याने तैयबाला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, दुआला उचलून गरगर फिरवलं. यूनुसभायांनी ऐकून घेतलं. असरची नमाज झाल्यावर मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर अदनानला शेजारी बसवून त्यांनी ती बातमी सांगितली, जरा चाचरतच. कट्टा म्हणजे सगळे आखातात हाडं झिजवून आलेले. कोण कुठल्या विमानतळावर किती ताटकळला होता, हे त्यांना अजून तोंडपाठ.

"भूतान?" गफूरचाचा म्हणाले. "व्हिसा कवा येतोय?"

"व्हिसा लागत न्हाय," अदनान म्हणाला. "मतदानाच्या कार्डावर जाता येतं."

"अरे, त्या कार्डावर तर मी शाळेत मत टाकायला जातो!" गफूरचाचा म्हणाले. "तो काय परदेश हाय?"

कट्टा खो खो हसला. अदनानही हसला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, गफूरचाचांच्या तर नव्हतंच. पण यूनुसभाय हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून उगाच झटकली आणि घरी निघून आले. ते अदनानने पाहिलं, आणि ते त्याच्या मनाला लागून राहिलं.

हे कळायला मोहल्ल्याची एक रीत माहीत पाहिजे. इथे कुणी आखातात निघाला की घराघरांतून त्याच्याकडे पुडे येतात. तिथे असलेल्या आपापल्या माणसांसाठी. सुकट, जवळा, लोणचं, तांदळाच्या शेवया, कुणाच्या गुडघ्याचं तेल, कुणाच्या पोराचा शाळेतला फोटो. ओटा पुड्यांनी भरतो. ज्याच्या ओट्यावर जास्त पुडे, तो जास्त भरवशाचा. इथे माणूस परदेशी निघाला हे विमानाच्या तिकिटावरून ठरत नाही, पुड्यांवरून ठरतं. अदनान उभी हयात घराबाहेर राहिला, मोहल्ल्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त मुलूख त्याने बघितला, पण त्याच्याकडे कुणी कधी एक पुडी आणून दिली नाही. शिलाँगला कुणाचं कोण होतं? तो एकटा एसटीत बसायचा आणि तैयबा डब्याची पिशवी खिडकीतून आत द्यायची.

त्याच आठवड्यात मुनाफचा फोन आला. मुनाफ अदनानचा मामेभाऊ, मस्कतला एका मोठ्या बांधकाम कंपनीत. "आपल्या कंपनीची टीम हाय, कीपर न्हाय," मुनाफ म्हणाला. "मी साहेबाशी बोललो. व्हिसा पाठवतो. कागदावर स्टोअरकीपर लिवतील, ते नुस्तं कागदावर. तू यायचं, खेळायचं."

अदनान म्हणाला, विचार करून सांगतो. त्याने खरंच विचार करायचं ठरवलं होतं. पण मुनाफने आपल्या आईला कळवलं, आईने शेजारी कळवलं, आणि संध्याकाळी रुकय्याखाला जवळ्याचा पुडा घेऊन दारात उभी.

"अदनान बेटा, माझ्या इरफानला दे हां. त्याला सांग, आईनं सोता निवडलाय."

अदनानला नाही म्हणवेना. त्याने पुडा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी चार बाया आल्या. दुपारपर्यंत ओट्यावर ठेवायला जागा उरली नाही. आणि यूनुसभाय, ज्यांनी आजवर पोराला तू कुठल्या जागेवर खेळतोस असं एकदाही विचारलं नव्हतं, ते चष्मा लावून ओट्यावर फतकल मारून बसले. हातात काळा मार्कर, बाजूला चिकटपट्टी. प्रत्येक पुड्यावर नाव घालत होते, दाबून बघत होते, तेल गळणारे बाजूला काढत होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होते, "हे मस्कतात रुवीला ऱ्हाणाऱ्याचं ना? मग वर ठेवतो, आदी लागेल."

तैयबाने नवऱ्याला आत बोलावलं. "तुम्ही मुनाफभायना हो सांगितलंत?"

"न्हाय अजून."

"मग हे पुडे कशाला घेताय?"

"आता परत कसे देऊ?"

"द्यायचे. सांगायचं, मी भूतानला चाललोय. त्यात काय लाज हाय?" तैयबा बोलायला फटकळ, पण डोकं ठिकाणावर असलेली. "बरं, मस्कतला जायचंच तर मुनाफभायना विचारा तरी. कुठलं मैदान, कुठली लीग, किती सामने. तुम्ही क्लबवाल्यांना एवढे सवाल करता, मग हितं का गप?"

"व्हिसा पाठवणाऱ्याला असलं विचारायचं नसतं, तैयबा. त्याला वाटंल, याचा विश्वास न्हाय."

हीदेखील मोहल्ल्याचीच रीत. बाहेरच्या कंपनीला हजार प्रश्न विचारा, पण घरच्या माणसाने व्हिसा पाठवला की बॅग भरायची, तोंड उघडायचं नाही. त्या रीतीपायी किती जण फसले असतील ते अल्लाला ठाऊक. पण खरं सांगायचं तर अदनानला विचारायचंच नव्हतं. त्याला ओट्यावरचा तो बाप आवडत होता. जन्मात पहिल्यांदा त्याचा बाप त्याच्या जाण्याने ताठ झाला होता, आणि ते सुख सोडवेना. थिंफूचं मैदान त्याला दिसत नव्हतं, ओटा दिसत होता.

त्याने कोचला नकार कळवला. कोच म्हणाला, तुझ्या ओळखीचा दुसरा कुणी असेल तर सांग. अदनानने प्रज्योतचं नाव दिलं. प्रज्योत उरणचा, मुंबईच्या क्लबात अदनानच्या हाताखाली दुसरा कीपर होता. खेळ आटोपून तो बंदरावर घरचे मालवाहू ट्रेलर सांभाळत होता.

"भाई, तू का नाय जात?" प्रज्योतने फोनवर विचारलं. "तुला बोलावलाय ना त्यांनी. आपल्याला काय, आपण तर सोडून दिल्यासारखाच हाय."

"अरे, तो काय परदेश हाय?" अदनान म्हणाला. म्हणताना त्याला स्वतःचाच राग आला, पण बोलून झालं होतं.

जायच्या दिवशी अख्खा मोहल्ला रस्त्यावर. दंडाला इमाम जामिन, म्हणजे प्रवासाचा ताईत, बांधला, गळ्यात हार, मौलानांनी दुआ मागितली, गफूरचाचांनी तर मिठी मारून डोळे पुसले. यूनुसभाय मुंबईपर्यंत गाडीत पुढे बसून आले, मागे तैयबा. विमानतळावर वजन जास्त भरलं. पुडे काढणं शक्यच नव्हतं, ती लोकांची अमानत. मग अदनानने बॅग उघडली आणि स्वतःचे खेळायचे बूट, सरावाचे कपडे, गुडघ्यांची पॅडं काढून तैयबाच्या हातात दिली. हातमोजे तेवढे खिशात कोंबले. "तिकडं घेईन नवीन," तो म्हणाला. तैयबाने ते सगळं ओढणीत गुंडाळून घेतलं.

मस्कतचे पहिले दिवस पुडे पोचवण्यात गेले, आणि ते दिवस खरंच चांगले होते. इरफानने जवळ्याचा वास घेतला आणि एवढा मोठा बाप्या ढसाढसा रडला. सगळ्यांनी त्याला जेवायला बोलावलं, सगळ्यांनी गावची खबरबात विचारली. मग पहिला शुक्रवार आला आणि मुनाफ त्याला खेळायला घेऊन गेला.

जाळीने वेढलेलं एक छोटं पटांगण, खाली हिरवी चटई. एका बाजूला पाच जण, दुसऱ्या बाजूला पाच जण. गोल एवढा की अदनान उभा राहिला तर अर्धा भरून जायचा. कुणी बनियनवर खेळत होता, कुणी ड्यूटीवरून थेट आलेला. सगळे मनापासून खेळत होते, हसत होते, चेंडू अडवला की त्याच्या पाठीवर थापा मारत होते.

"कशी हाय टीम?" मुनाफने विचारलं. तोंडावर नुसता आनंद.

मुनाफ एक अक्षर खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी तोच फुटबॉल होता, आणि त्या फुटबॉलसाठी त्याने साहेबाच्या हातापाया पडून भावाचा व्हिसा काढला होता. अदनान म्हणाला, "झकास हाय."

बाकीचे दिवस स्टोअर. कागदावर लिहिलं होतं तेच खरं निघालं. पाइप, नळ, वॉशर, सांधे. शुक्रवारचा खेळही काही महिने चालला, मग साहेब बदलला, पटांगण दुसऱ्या कुणाला दिलं, आणि ते बंदच पडलं. पहिल्या पहिल्यांदा अदनान सकाळी पळायचा. मग ऊन, मग ओव्हरटाइम, मग कंटाळा. खोलीतल्या माणसांना वाटे, गडी कसा मजेत आहे. तो कुणाला काही सांगत नसे. घरी फोन केला की यूनुसभाय विचारायचे, "खेळतोस ना?" आणि तो म्हणायचा, "व्हय अब्बा."

त्यातच पात्रता फेरीचा दिवस आला. अदनानने स्टोअरमध्ये खोक्यांवर मोबाइल टेकवून सामना लावला. थिंफूचं मैदान दिसलं. मागे डोंगर, भरलेली बाकडी, दोन्ही संघ रांगेत उभे, आणि रांगेत सगळ्यांत उंच प्रज्योत. प्रज्योतचं नाव पुकारलं तेव्हा अदनानने आवाज वाढवला. सामना बरोबरीत सुटला, पेनल्टीवर गेला. प्रज्योत गोलात उभा राहिला तो मधोमध नाही, मुद्दाम अर्धं पाऊल उजवीकडे, डावी बाजू मोकळी दाखवत. ही खोड अदनानची. मुंबईच्या चिखलात त्यानेच ती प्रज्योतला शिकवली होती.

तेवढ्यात साइटवरचा एक जण दारात आला. त्याला पाइपाचे सांधे हवे होते, आत्ताच्या आत्ता, पाणी वाहून चाललं होतं. अदनान उठला, फळीवरून सांधे काढले, सही घेतली. परत आला तर पडद्यावर भूतानची पोरं प्रज्योतला खांद्यावर घेऊन नाचत होती. त्याने कसा अडवला, कुठल्या बाजूला झेप घेतली, काहीच अदनानला दिसलं नाही. तो तिथेच खोक्यावर बसला आणि त्याला रडू फुटलं. कुणावर रागवावं तर कुणी नव्हतं. कोचने बोलावलं होतं, तैयबाने सांगितलं होतं, प्रज्योतनेसुद्धा विचारलं होतं. आपल्या हाताने आपण दिलं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

प्रज्योतचा त्याच संध्याकाळी फोन आला. "भाई, तुझी जागा होती ही," तो म्हणाला.

"मजा कर," अदनान म्हणाला. मनापासून म्हणाला, पण फोन ठेवल्यावर जेवला नाही.

कंपनीचं काम संपलं आणि बऱ्याच जणांबरोबर अदनानही परत आला. मोहल्ल्यात घराचं नाव पुन्हा मस्कतवाल्याचं झालं होतं. यूनुसभायांच्या सांगण्यावरून त्याला दोन लग्नांत पुढच्या रांगेत बसवलं. एक दिवस कट्ट्यावर पोरं मोबाइलवर काही बघत होती, यूनुसभाय डोकावले. प्रज्योतची ती पेनल्टी होती, कुणीतरी शोधून काढलेली.

"हा कोण?" त्यांनी अदनानला विचारलं.

"उरणचा हाय. मी नको बोललो त्या जागेवर गेला."

यूनुसभायांनी ते परत लावायला लावलं. दोनदा पाहिलं. "एवढं लोक होते तितं?"

"व्हय."

"मना कोन बोललं न्हाय रं," म्हातारा म्हणाला. आणि थोड्या वेळाने, कुणाकडे न बघता, "मी इचारलं पण न्हाय." त्या दिवसापासून ते कट्ट्यावर कमी बसायला लागले.

भातकापणी होऊन शेतं मोकळी झाली तेव्हा कोचचा पुन्हा फोन आला. प्रज्योतचे वडील आजारी होते, ट्रेलर बघायला कुणी नव्हतं, तो उरणला परतला होता. मोसमाला वेळ होता, जागा रिकामी होती. "तू फिट आहेस ना?" कोचने विचारलं. "खरं सांग. असशील तर उद्या तिकीट पाठवतो."

"आठवडाभर द्या मला," अदनान म्हणाला.

तैयबाने कपाटातून बूट काढून दिले. तिने ते तेल लावून ठेवले होते. तो रोज पहाटे पळाला, दोरीच्या उड्या मारल्या, गुडघ्याला पट्टी बांधली. आठवड्याच्या शेवटी त्याने साहिलला बोलावलं. साहिल म्हसळ्याच्या कॉलेजात शिकणारा, मोहल्ल्याचा जलद गोलंदाज, पण हल्ली फुटबॉलचं वेड लागलेला, पायात ताकद. मोकळ्या शेतात दोन बांबू रोवले. बांधावर तैयबा बसली, दुआ उभी.

"जोरात मार," अदनानने साहिलला बजावलं. "माझी भीड ठेवायची न्हाय."

पहिला चेंडू त्याने हाताने बाहेर काढला. दुसरा छातीशी आला, धरला. मग साहिलने खाली, डाव्या बांबूकडे मारला. अदनानला चेंडू दिसला, कुठे जाणार तेही कळलं, पोराचा पाय वळला तेव्हाच कळलं होतं. त्याने झेप घेतली. चेंडू बांबूला घासून गेला आणि त्यानंतर अदनान जमिनीवर पडला.

"परत मार," तो म्हणाला.

परत तेच. परत. उजवीकडे मारला तरी तेच. डोक्याने सगळं वेळेवर सांगितलं, अंग मागाहून पोचत राहिलं. साहिल बावरला, हळू मारायला लागला, तेव्हा अदनान त्याच्यावर ओरडला. पुन्हा जोरात मारले. सगळे गेले. शेवटी तो उठला नाही, कापलेल्या भाताच्या खुंटांवर गुडघे टेकून तसाच बसला. बांधावर तैयबाने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

दुआ धावत आली. तिचे डोळे चमकत होते. तिने खाली वाकून बापाच्या कानात विचारलं, "अब्बू, तुम्ही मुद्दाम सोडताय ना? साहिलभायला बरं वाटावं म्हणून?"

अदनानने तिच्याकडे बघितलं.

"व्हय," तो म्हणाला. "मुद्दाम."

मग तो उठला, बांधाच्या पलीकडे गेला आणि त्याने कोचला फोन लावला. घरी अडचण आहे, जमणार नाही, असं तो सांगत होता. मागून दुआचा आवाज येत होता. ती साहिलला दटावत होती, "जास्त नाचू नको हां, माझे अब्बू खरे खेळले असते ना, तर तुझा एक पण गेला नसता."